प्रमाण

आल्टेनवीजचं स्टेशन मी तीनदा बांधलं.
खरं पाडायला एक सकाळ पुरली,
मला दर वेळी अख्खा हिवाळा लागला.

पहिलं, एकास एकशेवीस.
आमच्याकडे, पूर्वेला, तेव्हा तेच माप चालायचं.
बाबांनी नाताळाआधी खोका आणला.
पाटीवर कुठल्याशा दुसऱ्याच गावाचं नाव होतं;
ते मी ब्लेडनं खरवडलं
आणि मुंगीच्या अक्षरात आमचं लिहिलं.
एरेनफ्रीड धाकटा. त्याच्याकडे एकच काम :
गोंदाच्या नळीचं टोपण सांभाळणं.
ते पहिल्याच संध्याकाळी हरवलं.
छप्पर थोडं तिरकं बसलं.
बाबा सिग्नलमन, तिरकं काही खपायचं नाही त्यांना,
तरी बोलले नाहीत.

दुसरं त्यानं पाठवलं, बोखुमहून,
कायमचा निघून गेल्यावर दोन वर्षांनी,
कॉफीच्या पुड्याखाली, एकास एकशेसाठ.
खोका वाटेत कुणीतरी उघडून बघितला होता,
मागच्या भिंतीवर अंगठ्याचा ठसा
फलाटाएवढा मोठा.
चिठ्ठीत होतं : ताई, इकडे सगळं मोठं आहे,
माझी खोली सोडून.
काडेपेटीत मावेल असं ते स्टेशन
मी चिमट्यानं जोडलं, श्वास रोखून,
कारण एका उसाशानं धुराडं उडायचं.
दारं म्हणजे रंगाचे ठिपके.
तिकीटखिडकी तर नव्हतीच,
होती असं मानायचं.

मग गाडी बंद झाली. रूळ उचलले.
आता तिथून सायकली जातात, घंटा वाजवत.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
फ्राऊ गुंडुला, जरा मोठं काहीतरी करा.
म्हणून तिसरं. एकास पंचेचाळीस.
लेझरनं कापलेलं लाकूड,
खोका उघडला की जळक्या पावासारखा वास.
हात थरथरतात, पण इथे थरथर चालते;
चालत नाही ती थाप.
लहान मापात कसंही खपून जातं,
मोठ्यात प्रत्येक बिजागरी जाब विचारते.
वेटिंग रूमचं दार हिरवं होतं, मी म्हणते.
फोनवर एरेनफ्रीड : तपकिरी.
हिरवं. तपकिरी. तू होतास कुठे, मी म्हणते,
आणि मग दोघंही गप्प.

शेवटी उरली तिकीटखिडकी.
तिच्यामागे आमची आई बसायची, एकोणीस वर्षं.
खिडकीची काच सरकती आहे,
चिकटवण्याआधी ठरवावं लागतं :
उघडी की बंद?
तू गेलास त्या दिवशी आई ड्यूटीवर नव्हती,
मी सहज म्हणाले. तिनंच सांगितलेलं मला,
मरेपर्यंत, तेच, तसंच.

तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला,
होती. तिनंच दिलं तिकीट.
एकेरी का, असंही विचारलं, सगळ्यांना विचारायची तसं.
सुटे पैसे दोनदा मोजून परत केले,
आणि काच लावून घेतली.

ब्रश वाळून कडक होईतो
मी तशीच बसून होते.

आता टेबलावर तिन्ही आहेत.
मोठं पुढे, मधलं मागे, सगळ्यात लहान
डोंगराच्या चित्राला टेकून.
जुनी युक्ती आहे ही, लांबी भासवायची :
हातभर फळीवर मैलभर अंतर.
शेजारचा पोरगा वाकून बघतो, म्हणतो,
आजी, हे एकच स्टेशन लांब लांब चाललंय.
मी त्याला मापं समजावते, भागाकार सांगते.
प्रमाण म्हणजे माप. प्रमाण म्हणजे पुरावाही,
ते नाही सांगत.

दार तपकिरी रंगवलं.
खोक्यात सदतीस नंबरचा तुकडा उरलाय,
कुठे लागतो ते कागदावर नाही.
आणि काच अजून चिकटवलेली नाही.
नखानं सरकवली की उघडते,
सोडली की हळूच,
आपली आपण, खाली येते.